टेलच्या शेताचे अर्थशास्त्र

१९८१ साली अमेरिकेत रेगन अध्यक्ष झाले तेव्हा प्राप्तिकराचा कमाल दर ७० टक्के होता. १९८८ पर्यंत तो २८ वर आला. श्रीमंतांकडे पैसा राहिला की तो आपोआप खाली झिरपेल, असा हिशेब होता. पाटाच्या टेलला शेत असलेल्या नगरकराला याचे हसूच येईल! तिथली दरी रुंदावत गेली.

आपल्याकडे सहकार होता. १९५० साली प्रवरानगरला कारखाना सुरू झाला आणि ऊसवाला शेतकरी सभासद म्हणून मालक झाला. ही साधी गोष्ट नव्हे. पण पाथर्डीच्या कोरडवाहू गावांतून येणारे ऊसतोड जोडपे? नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम सरतो. सभासदांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. मजुरीचा दर वाढला, तोही बहुतेकदा कोयता बंद ठेवल्यावर.