फाळक्यांच्या नाशकातील नवे अंतेवासी

(नाशिक येथे माध्यमविद्येचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. या धोरणाने एक मूलभूत बदल केला. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन घेतलेल्या अनुभवाला पदवीच्या हिशेबात स्थान मिळाले. त्यासाठी साधारणपणे चार श्रेयांक ठेवलेले असतात आणि एका श्रेयांकासाठी तीस तास, म्हणजे एकूण १२० तास काम अपेक्षित असते. तुमच्यापैकी अनेक जण हे १२० तास एखाद्या वृत्तवाहिनीत, मालिकेच्या सेटवर किंवा संकलनाच्या खोलीत घालविणार आहेत. त्या तासांचे नेमके काय होणार, हा आजचा विषय आहे.

इंटर्नशिपला मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात. हा शब्द उच्चारताना मला आपल्या परंपरेतील 'अंतेवासी' आठवतो. गुरूच्या सन्निध राहून शिकणारा तो अंतेवासी. तो समिधा आणीत असे, गाई राखीत असे. पण त्या सेवेच्या मोबदल्यात विद्या देण्याचे बंधन गुरूवर असे. हे नाते दुहेरी होते. कर्तव्य एकाच बाजूला उरले, तर ते शिष्यत्व राहत नाही. ती वेठ होते.

सिनेमाच्या क्षेत्रात हे नाते कसे फुलले, हे शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे आयुष्यभर विद्यार्थी राहिले. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील आरेखन, मुद्रणकला अशी त्यांची वाटचाल झाली. १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, या प्रश्नाने त्यांना घेरले. केवळ खंत करून ते थांबले नाहीत. आयुर्विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रनिर्मितीची प्रक्रिया पाहिली, कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे एकेक चित्र घेऊन त्यांनी एक छोटा चित्रपट केला. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. काही आठवड्यांची ती लंडनवारी म्हणजे या देशातील चित्रविद्येची पहिली आंतरवासिताच म्हणावी लागेल. तिला श्रेयांक कोणी दिले नाहीत. पण तिच्यातून एक उद्योग उभा राहिला.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शिकलेले त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवायला शिकविले आणि 'राजा हरिश्चंद्र'चे छायाचित्रण तेलंगांनी केले. तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आणि पुढे तर त्यांनी कॅमेराही हाताळला. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या आणि त्याच वेळी साऱ्या कंपनीचे जेवणखाणही सांभाळीत राहिल्या. पहिल्या चित्रपटानंतर फाळक्यांनी मुंबई सोडून नाशिक गाठले आणि पुढची चित्रे येथे घडली. १९१९च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. एकत्र कुटुंबासारखी चालणारी ती कार्यशाळा होती.

कोल्हापुरातही हेच घडले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी तयार झाली. त्यांनीच १९२९ साली 'प्रभात' उभारली आणि 'संत तुकाराम' हा १९३६चा चित्रपट व्हेनिसला गौरविला गेला. पुण्यात प्रभातचा जेथे स्टुडिओ होता, त्याच जागेवर १९६० साली शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणजे ही विद्या आधी कामातून आली आणि विद्यालय नंतर आले.

आता आपल्या १२० तासांकडे वळू. बारा तासांची शिफ्ट धरली, तर ते दहा दिवसांत संपतात. या दहा दिवसांत मुलगा केवळ चहा पोहोचवीत आणि केबल गुंडाळीत राहिला, तरी अखेरीस प्रमाणपत्र मिळते आणि श्रेयांक जमा होतात. कोणतेही काम हलके नसते, हे मी मानतो. परंतु केबल गुंडाळणाऱ्याला ती कोठून कोठे जाते, हे सांगणारा कोणी तरी हवा. म्हणून महाविद्यालयांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा. विद्यार्थ्याला कोण शिकविणार, त्या व्यक्तीचे नाव करारपत्रात असावे. कामाचे स्वरूप, तास आणि प्रवासखर्च आधी लेखी ठरावेत. विद्यार्थ्याने रोजची नोंदवही लिहावी आणि प्राध्यापकांनी ती वाचून मगच श्रेयांक द्यावेत. ज्या ठिकाणी फुकट मनुष्यबळ एवढाच हेतू दिसेल, तेथे पुढच्या वर्षी विद्यार्थी पाठवू नयेत.

पालकांच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. 'मुलीला त्या क्षेत्रात पाठवायचे का?' ही चिंता निराधार नाही. केरळ सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४मध्ये प्रसिद्ध झाला आणि चित्रपटक्षेत्रातील स्त्रियांच्या स्थितीचे विदारक चित्र देशासमोर आले. पण उपाय मुलींना घरी बसविण्याचा नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेला कायदा प्रशिक्षणार्थींनाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील, तेथे अंतर्गत समिती असणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. ती समिती आहे का, तिच्यात कोण आहे, रात्री उशीर झाल्यास घरी सोडण्याची सोय काय, हे विचारणे पालकांचा आणि महाविद्यालयाचा हक्क आहे. विचारायला संकोचू नका.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे समाजकार्यात वावरणाऱ्या कुटुंबांविषयी. मालिकांत सासू-सुनांची कारस्थाने दाखवितात, देवदेवतांची थट्टा होते, इतिहास वाकवला जातो, अशी तक्रार आपण घरोघरी ऐकतो. ती पुष्कळदा रास्तही असते. परंतु आपल्यापैकी किती घरांनी आपला मुलगा संकलक व्हावा, मुलगी ध्वनिमुद्रक किंवा पटकथालेखक व्हावी, अशी इच्छा धरली? डॉक्टर, अभियंता आणि परदेशातील नोकरी यांपलीकडे आपले स्वप्न जातच नाही. मग पडद्यावर आपले जीवन कोण रंगविणार? निषेधाच्या पत्रकाने एखादे दृश्य गाळले जाईल, चांगले दृश्य निर्माण होणार नाही. त्यासाठी कौशल्य लागते आणि कौशल्य वर्षानुवर्षांच्या कामातून येते. फाळक्यांचा धडा हाच आहे.

आणि हे सारे मुंबईतच शिकावे लागते असेही नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये गोदावरीच्या काठी भरतो आहे. घाटावरचे तीर्थपुरोहित, आखाड्यांचे साधू, सफाई कामगार, नावाडी, येवल्याचे पैठणी विणकर, द्राक्षबागेतील मजूर यांच्या जीवनाचे चित्रण ही मोठी पाठशाळा आहे. जतनाचे कामही तितकेच महत्त्वाचे. फाळक्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिती नष्ट झाल्या. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज उपलब्ध आहे. नाशिकमधील जुन्या घरांतील छायाचित्रे, कीर्तनकारांच्या ध्वनिफिती, लग्नकार्यांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून त्यांची सूची करणे, हेही १२० तासांचे उत्तम काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच नाशकात दादासाहेबांनी देह ठेवला. अखेरची वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत आणि विस्मरणात काढली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. तेथे फुले वाहून येणे सोपे आहे. त्यांच्यासारखे शिकणे आणि शिकलेले दुसऱ्याला देणे अवघड आहे. तुम्ही उद्या सेटवर जाल, तेव्हा जे शिकाल ते नोंदवहीत लिहा. आणि चार वर्षांनी तुमच्या हाताखाली एखादा बावरलेला इंटर्न येईल, तेव्हा ती नोंदवही उघडून त्याला शेजारी बसवा. एवढे केलेत, तरी हे श्रेयांक खऱ्या अर्थाने कमावले असे होईल.