इशारा हीसुद्धा कृपाच
(शेगाव येथील मंडळीच्या सभेत दिलेले भाषण)



जुलै २०२३ मध्ये शेजारच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आलेला पूर आपण विसरलेलो नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून आता पाऊस थोड्या तासांत धो धो कोसळतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला वस्त्यांतली मोठी माणसे मजुरीला जातात. शेळ्यांमागे रानात मुलेच असतात. म्हणून शाळेत मी त्यांच्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेते. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, पक्के घर गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. नाल्याचे पाणी चढू लागले की ओलांडू नका. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. मोठ्यांना हाक मारा, १०८ ला फोन करा.

एक आजी मला म्हणाल्या, "बाई, आभाळ देवाच्या हातात."

मी म्हटले, "खरंय आजी. पण योसेफाच्या काळी देवाने दुष्काळ सात वर्षे आधी दाखवला, तो धान्य साठवावं म्हणूनच ना?"

विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप आहे. पण जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे मुलांची सवयच कामी येते. मृगाच्या आधी आपल्यातल्या प्रत्येकाने एक शनिवार या शाळांना द्यावा. प्रार्थना करा, आणि याही.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.