शलगमाने मला ओट्यापाशी उभं केलं



माझी बरीचशी नोकरी पंजाब आणि जम्मू-काश्मीरमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही जालंधरलाच घर केलं. थंडी पडली की इथे हातगाड्यांवर जांभळ्या-पांढऱ्या शलगमांचे ढीग लागतात. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे विचारतात, "हा नवलकोल का?" नाही. नवलकोल हे जमिनीच्या वर फुगलेलं खोड, शलगम हा कंद. दोन्ही मोहरीच्याच कुळातले, म्हणून दोन्हींत थोडा उग्रपणा असतो.

नोकरीभर मी शलगम फक्त खाल्लं. लंगरमध्ये शिजायचं, ताटात यायचं. तीन वर्षांपूर्वी पत्नीच्या मनगटाचं हाड मोडलं आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये गेला. शेकडो जवानांच्या जेवणाची तपासणी केलेला मी, दोघांची भाजी करताना घामाघूम झालो. मोठमोठी शलगमं आणली, साल पातळ काढली, कुकरला पाच शिट्ट्या दिल्या. घरभर वास आणि भाजी कडू.

ती निमूट जेवली. मी विचारलं, "कशी झालीय?"

ती म्हणाली, "माझी भाजी कशी झालीय, हे चौतीस वर्षांत तुम्ही कधी सांगितलंत?"

भाजीपेक्षा ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काश्मिरी काकींकडे वही घेऊन गेलो. काश्मिरीत शलगमाला गोगजी म्हणतात. तिकडे शरद ऋतूत त्याच्या चकत्या दोऱ्यात ओवून वाळवतात आणि बर्फाच्या दिवसांत शिजवतात. काकींनी मला राजमा-गोगजी शिकवली.

एक वाटी राजमा रात्रभर भिजवा, पाणी बदला आणि पूर्ण मऊ शिजवा. कच्चट राजमा पोटाला बाधतो. पाव किलो शलगमं घ्या, लिंबाहून थोडीच मोठी. फार वाढलेली चिवट आणि उग्र निघतात. साल जाड काढा, कारण सालीखालचा थर कडू असतो. जाड फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टाकून द्या. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, आच कमी करा, फोडी पुसून सोनेरी परता. चिमूटभर हिंग आणि काश्मिरी तिखट घालून लगेच राजमा त्याच्या पाण्यासकट ओता. एक चमचा बडीशेपेची पूड, अर्धा चमचा सुंठ. मीठ चाखूनच घाला. मंद आचेवर वीस मिनिटं, झाकण किंचित उघडं ठेवून. वास निघून जातो. कांदा नाही, टोमॅटो नाही. सोबत गरम भात. पाला कोवळा असेल तर टाकू नका, लसूण घालून परतून बघा.

त्या दिवशी तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. म्हणाली, "सुंठ जरा कमी घाला."

प्लास्टर कधीच निघालं, पण सोमवार आणि गुरुवारी ओटा अजून माझाच आहे. उरलेल्या दिवशी ती रांधते आणि पहिला घास घेतला की भाजी कशी झालीय ते मी सांगतो. कधी खारट झाली असेल तर तेही. त्यावर भांडणही होतं. पण आधीच्या शांततेपेक्षा ते बरं.

माझ्या वयाच्या पुरुषांना एवढंच सांगणं आहे: प्लास्टरची वाट बघू नका. या हिवाळ्यात पाव किलो शलगमं आणा.

जय हिंद.