इरॉस : एका चित्रपटगृहाचे बदलते जीवन



बॅक बेच्या समुद्रात भराव घालून मुंबईने जी नवी जमीन मिळविली, तिच्यावर १९३० नंतरच्या दशकात जणू एक नवे नगरच उभे राहिले. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक शैलीच्या दगडी इमारती होत्या. पश्चिमेस आता सिमेंट काँक्रीटच्या, सरळ रेषांच्या आणि गोलाकार कोपऱ्यांच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आल्या. या नव्या वस्तीच्या तोंडाशी, चर्चगेट स्थानकासमोर, इरॉस चित्रपटगृह बांधण्यात आले. १९३५ मध्ये त्याची पायाभरणी झाली व १९३८ मध्ये ते प्रेक्षकांना खुले झाले.

वास्तुशास्त्रज्ञ शोराबजी भेदवार यांनी कोपऱ्यावरील जागेचा मोठा कल्पकतेने उपयोग केला. इमारतीच्या दोन भुजा मधल्या भागाशी येऊन मिळतात आणि तेथून पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा मनोरा वर जातो. दर्शनी भागाला काही ठिकाणी आग्र्याचा तांबडा दगड, तर उरलेल्या भागाला फिकट पिवळसर रंग. आत काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे दालन, सोनेरी छटा आणि वर नेणारे संगमरवरी जिने. प्रेक्षागारात १,२०४ आसने होती.

त्या काळी अशा वास्तूंना चित्रपटांचे राजवाडे म्हणत, ते यथार्थच होते. १९३३ चे रीगल, १९३८ चे मेट्रो, १९४९ चे लिबर्टी ही त्याच कुळातील चित्रपटगृहे होत. लिबर्टीची अंतर्गत सजावट वामन नामजोशी या मराठी कलावंताची आहे, ही अभिमानाची बाब होय. मात्र या राजवाड्यांचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. राजवाड्यात प्रवेशासाठी कुळ लागते. येथे तिकीट पुरेसे होते. सज्जातील महागडी आसने ज्यांना परवडत नसत, त्यांना पडद्याजवळच्या रांगा मोकळ्या होत्या. कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि धनिक व्यापारी एकाच छताखाली, एकाच अंधारात बसत.

तथापि ज्या भव्यतेने या चित्रपटगृहांना वैभव दिले, तीच पुढे त्यांना जड झाली. हजार-बाराशे आसनांचे प्रेक्षागार रिकामे असो वा भरलेले, वातानुकूलन, वीज, दुरुस्ती आणि नोकरवर्ग यांचा खर्च फारसा कमी होत नाही. पडदा एकच असल्याने एक चित्रपट कोसळला की सारा आठवडा वाया जातो. १९७२ मध्ये मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ व्हिडिओ आला. २००१ नंतर राज्यात बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात सवलत मिळाली. लहान लहान प्रेक्षागारांत एकाच वेळी अनेक चित्रपट दाखविणाऱ्या या संकुलांशी एकपडदा चित्रपटगृहांना स्पर्धा करणे कठीण झाले. मेट्रोने २००६ मध्ये बहुपडद्याचा मार्ग पत्करला. इरॉस २०१७ च्या सुमारास बंद पडले.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंच्या संरक्षणाची नियमावली आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि इरॉस त्या समूहात आहे. मात्र यादी दगडाला संरक्षण देते. रोजचा खेळ सुरू ठेवण्याची हमी ती देऊ शकत नाही. बंद वास्तूत पाणी झिरपते, लोखंड गंजते, गिलावा सुटतो. वापर हीच वास्तूची खरी देखभाल असते. २०२३ मध्ये इमारतीभोवती परांची दिसताच ती पाडली जाणार अशी शंका आली आणि अनेक नागरिकांनी चिंता व्यक्त केली. काम आतील फेररचनेचे असल्याचा खुलासा पुढे झाला. परंतु लोकांची या वास्तूवरील माया त्यातून दिसून आली.

२०२४ मध्ये इरॉसचे दार पुन्हा उघडले. बाह्यरूप राखण्यात आले, आत आयमॅक्स पद्धतीचा भव्य पडदा आला. आसने मात्र सुमारे ३०० उरली. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. एवढी आसने भरणे शक्य असते. वास्तूत चित्रपटगृह कायम राहिले, हेही समाधानाचे होय. परंतु जेथे १,२०४ जण एकत्र हसत होते, तेथे आता त्यांच्या चौथ्या हिश्शाएवढेच बसू शकतात, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच वारसा जतनाचा हिशेब मनोऱ्याच्या उंचीवर आणि संगमरवराच्या झळाळीवर संपू नये. मालकांनी आठवड्यातून काही खेळ तरी माफक दरात ठेवावेत. विद्यार्थ्यांना वास्तू आतून पाहता यावी. एकपडदा चित्रपटगृहांच्या दुरुस्तीला शासन व महानगरपालिका यांनी हातभार लावावा. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसाला त्या दारातून आत जाणे परवडते काय, याचे उत्तर होकारार्थी राहिले, तरच इरॉस खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.