वाऱ्याची वाट



आपल्यापैकी अनेकांच्या सोसायट्या सध्या रीडेव्हलपमेंटला निघाल्या आहेत. सभांमध्ये चर्चा होते ती कार्पेट एरियाची आणि पार्किंगची. वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही.

मुंबईत सुखाचा वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर भोवतालच्या व्हरांड्याचा उपाय काढला होता. चार्ल्स कोरिया यांनी तोच कंबाला हिलवरच्या २८ मजली 'कांचनजंगा'त वापरला. १९८३मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या उघड्या गच्च्या आहेत. ऊन-पाऊस तिथे अडतो आणि पूर्व-पश्चिम आरपार असलेल्या घरांतून वारा खेळतो.

एकाच भिंतीला मोठी खिडकी देऊन भागत नाही. वाऱ्याला आत यायला वाट लागते, तशी बाहेर पडायलाही. ती नसली की एसी आला, आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते.

म्हणून नकाशाला संमती देण्यापूर्वी आर्किटेक्टला एवढंच विचारा: माझ्या घरात वारा कुठून येणार आणि कुठून जाणार? एसी नंतर केव्हाही बसवता येतो. वाऱ्याची वाट मात्र नकाशातच ठेवावी लागते.