पहिल्या वर्षाची चढाईपटू
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आजचा प्रश्न मैदानाच्या कडेला रोज विचारला जातो. व्यासपीठावरून मात्र तो क्वचितच मांडला जातो. मुलींच्या महाविद्यालयीन संघात पहिल्या वर्षाची एखादी विलक्षण गुणी खेळाडू आली, तर तिच्यावर किती भार टाकावा? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न बहुतेक वेळा कबड्डीच्या मैदानावर उभा राहतो. आंतरमहाविद्यालयीन सामना रंगात आलेला असतो, आपला संघ चार गुणांनी मागे असतो आणि कडेने एकच गलका होतो, ‘तिलेच पाठवा, तिलेच!’ तेवढ्यात दुसरा कोणी म्हणतो, ‘तिसऱ्या वर्षाच्या पोरींनी काय फक्त पाणी द्यायचं?’ हे दोन्ही आवाज प्रेमापोटीच निघालेले असतात. तरी दोघांचीही समजूत अशी असते की संघातली जागा हे बक्षीस आहे. एकाच्या मते ते गुणाला मिळावे, दुसऱ्याच्या मते सेवेला. माझे म्हणणे असे की भूमिका हे वाटून दिलेले काम आहे. नव्या मुलीचे काम ठरवताना दोनच गोष्टी पाहाव्यात: तिच्या खेळामुळे बाकीच्या सहा जणी मोठ्या होतात का, आणि महाविद्यालयाची सगळी वर्षे ती धडधाकट खेळू शकेल का.

आधी कबड्डीचाच हिशेब मांडू. महिलांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले, तर सामन्यात एकूण ६० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ३०. त्यांपैकी २० चढाया एकाच मुलीने केल्या, तर तिची अवस्था काय होते ते जवळून पाहा. मध्यरेषा ओलांडून तिने दम धरला, निदान रेषा पार केली, समोर किमान सहा जणी असतील तर बोनस रेषेकडे पाय टाकला आणि परतताना कोपऱ्यातल्या खेळाडूचा हात घोट्यापर्यंत येण्याआधी अंग वळवून मध्यरेषा गाठली. लगेच समोरची चढाईपटू आत शिरते. नुकताच दम सोडलेली ही मुलगी आता पकडीच्या साखळीत उभी राहते. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तिचेच नाव पुकारले जाते. दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो. नाही तर ती बाद होते. ते काम तर हमखास तिच्याच गळ्यात पडते.

या खेळाचा एक नियम आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देऊन जातो. बाद झालेली खेळाडू स्वतःहून परत येऊ शकत नाही. सोबतिणीने गडी बाद केला किंवा संघाने पकड केली, तरच ती जिवंत होते. सगळे गुण एकटीच आणत असेल, तर ती बाद झाल्यावर तिला जिवंत कोण करणार? एकीवर विसंबलेला संघ अशा वेळी पाहता पाहता लोणाच्या तोंडाशी जातो आणि त्याची सर्वांत गुणी खेळाडू कडेला बसून ते पाहत राहते. दुसरी चढाईपटू घडवणे म्हणजे पहिलीचा मान कमी करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा नियम आठवावा. पहिलीला मैदानात परत आणण्याची ती निम्मी सोय आहे.

हाच वाद दूरच्या एका देशात, दुसऱ्या खेळात, फार मोठ्या प्रमाणावर चालतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलला आता लाखो प्रेक्षक आहेत. नवी मुलगी सुरुवातीच्या पाच जणींत हवी की राखीव, यावर तिथे हंगामभर चर्चा होते. २०२३-२४च्या हंगामात साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघात मायलेशिया फुलवायली ही पहिल्या वर्षाची मुलगी आली. तिचा खेळ डोळ्यांचे पारणे फेडणारा होता. तरीही प्रशिक्षक डॉन स्टेली तिला बहुतेक सामन्यांत राखीव खेळाडूंतूनच उतरवत राहिल्या आणि चाहते नाराज होत राहिले. त्या हंगामात हा संघ ३८ सामने खेळला आणि अडतीसही जिंकला. अंतिम सामना आयोवा विद्यापीठाशी होता. आयोवाच्या कॅटलिन क्लार्कने ३० गुण केले, पण साउथ कॅरोलिनाने ८७-७५ असा विजय मिळवला. त्यांच्याकडून सर्वाधिक १९ गुण केले टेसा जॉन्सनने. तीही पहिल्याच वर्षाची होती आणि तीही राखीव खेळाडूंतून आलेली. दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंनी मिळवलेले गुण मोजले, तर आकडा निघतो ३७ विरुद्ध शून्य. राखीव बाक ही शिक्षा असते असे मानणाऱ्याने या आकड्याजवळ थोडे थांबावे.

यावर कोणी म्हणेल, क्लार्कचे काय? तिला तर पहिल्या दिवसापासून सगळा खेळ सोपवला होता. आक्षेप रास्त आहे. २०२०-२१ या पहिल्याच हंगामात तिने सामन्यामागे सरासरी २६.६ गुण केले आणि साऱ्या देशात ती पहिली आली. पण त्या वर्षी आयोवाचा संघ शेवटच्या सोळांत पोहोचला आणि कनेक्टिकटकडून ९२-७२ असा हरला. तो अंतिम फेरीत गेला २०२३ आणि २०२४ मध्ये. मधल्या काळात तिच्याबरोबरच्या मुली तिचा पास घ्यायला, मोकळी जागा शोधायला, ती अडकली की स्वतः नेम धरायला शिकल्या होत्या. त्या २०२१च्या सामन्यात समोर पेज ब्यूकर्स होती. तीही पहिल्या वर्षाची, आणि त्या हंगामात वार्ताहरांनी तिला देशातली सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरवले. पहिल्या वर्षाच्या मुलीला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. पुढे तिचा गुडघा दोनदा दुखावला आणि २०२२-२३चा आखाच्या आखा हंगाम हातचा गेला. तिला विजेतेपद मिळाले २०२५ मध्ये. त्या अंतिम सामन्यात तिचे गुण १७ होते. अझी फड आणि पहिल्या वर्षाची सारा स्ट्राँग यांनी प्रत्येकी २४ केले होते. सारा स्ट्राँगला मोठी भूमिका मिळाली आणि ती तिने पेलली, कारण शेजारी भार वाहणारे आणखी खांदे होते. म्हणून नव्या मुलीला थांबवून ठेवा असे मी म्हणत नाही. तिला एकटे टाकू नका, एवढेच म्हणतो.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी उन्हातान्हात सराव केला, घरच्यांची बोलणी ऐकली, मग कालच्या मुलीने त्यांची जागा का घ्यावी? या म्हणण्यात न्यायाची तळमळ आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत तर एके काळी तसा नियमच होता. पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. ती बंदी १९७२ मध्ये उठली. नुसत्या ज्येष्ठतेवर संघ उभा केला तर काय गमवावे लागते, हे आपल्याच क्रिकेटने दाखवले आहे. शफाली वर्मा २०१९ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली. ती तशीच थांबली असती, तर तो निर्भय खेळ आपल्याला दिसला नसता. पण त्याच मुलीकडून मार्च २०२० मध्ये, सोळाव्या वर्षी, मेलबर्नच्या ८६ हजार प्रेक्षकांसमोर आपण विश्वचषक जिंकून देण्याची अपेक्षा केली. ती २ धावांवर बाद झाली आणि साऱ्या देशाने तिचे अश्रू पाहिले. पुढे ती एकदिवसीय संघातून वगळलीही गेली. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती उतरली ती जखमी प्रतीका रावलच्या जागी. तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. त्याच स्पर्धेत मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवले होते. उपांत्य सामन्यात तिच्या नाबाद १२७ धावांनी ३३९चे लक्ष्य पार झाले. एखाद्या दिवशी बाहेर बसणे म्हणजे कारकीर्द संपणे नव्हे आणि एखाद्या दिवशी चमकणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे. ज्येष्ठ मुलीला हे समजावणे आणि नव्या मुलीला हेच समजावणे, ही दोन्ही प्रशिक्षकाची कामे आहेत.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. अमेरिकेतल्या संघाकडे बाकावर उत्तम खेळाडू असतात. आपल्याकडे बारा जणींचे पथक पुरे करताना क्रीडा शिक्षकाच्या नाकी नऊ येतात. शिवाय पदवीची वर्षे मोजकी. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी वरच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि निवड समितीपुढे उभे राहण्याची संधी वर्षातून एकदाच येते. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, तेव्हापासून आपल्या दोन जिल्ह्यांतल्या मुलींना विद्यापीठ संघाचे दार जवळ आले हे खरे. पण सिरोंच्याहून गडचिरोलीला यायचे तर सुमारे दोनशे किलोमीटर तोडावे लागतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा मुलीला ‘थांब, पुढच्या वर्षी’ म्हणणे क्रूरपणाचे आहे. मला हे मान्य आहे. तिला पहिल्याच वर्षी मैदानात उतरवा, निवड समितीला तिचा खेळ दिसू द्या. पण बाकीच्यांची संख्या कमी आहे म्हणून सगळे तिच्यावर सोडले, तर पुढच्या वर्षी संख्या आणखी घटेल. ज्या मुलीला हंगामभर एकही चढाई मिळाली नाही, ती दुसऱ्या वर्षी सरावाला कशाला येईल? बाक रिकामा असल्याची तक्रार करत आपणच तो रिकामा करत असतो.

यात शरीराचा हिशेबही आहे. उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त असतो, हे क्रीडावैद्यकाने वारंवार दाखवले आहे. कबड्डीची चढाई म्हणजे दुसरे काय असते? आपल्या भागात भर पडते रक्तक्षयाची आणि सिकलसेलची. अमेरिकेतल्या अव्वल महाविद्यालयीन विभागात २०१० पासून खेळाडूंच्या सिकलसेल तपासणीची तरतूद आहे, कारण अतिश्रमाच्या वेळी हा दोष जिवावर बेतू शकतो. जिथे हा आजार घरोघरी माहीत आहे, तिथे तरी मुलीच्या हाती संघाचा गणवेश देण्याआधी तिचे रक्त तपासलेले असावे. तपासणीत काही निघाले म्हणून तिला घरी पाठवू नये. तिच्या चढाया मोजून द्याव्यात, पाणी आणि विश्रांती वेळेवर द्यावी.

टप्प्याटप्प्याने भार वाढवणे आपल्याला नवे नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेवर गेले आणि त्यांपैकी पाच जण शिखरावर पोहोचले. त्यांत एक मुलगीही होती. ही मुले काटक होती, पण केवळ काटक आहेत म्हणून कोणी त्यांना थेट हिमालयात नेऊन सोडले नाही. आधी निवड झाली, मग प्रशिक्षण, मग कमी उंचीचे डोंगर, मग बर्फ. धान लावणाऱ्या आपल्या माणसांना तर हे सांगायलाच नको. पऱ्हे कोवळे उपटले तर चिखलात तग धरत नाहीत आणि वाफ्यात फार दिवस राहिले तर फुटवे कमी धरतात. रोवणीची वेळ साधावी लागते, आणि ती शेतकरी पऱ्ह्यांकडे पाहून ठरवतो.

शेवटचा आक्षेप माझ्याच पुराव्यातून निघतो. मघाशी जिचे नाव घेतले, ती फुलवायली दोन वर्षांनी साउथ कॅरोलिना सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेली. म्हणजे वाटून दिलेले काम प्रत्येकीला पटेलच असे नाही. हे मान्य केले पाहिजे. यावर एकच उपाय मला दिसतो. भूमिका ठरवणाऱ्याने ती मुलीला तोंडावर, कारणांसह सांगावी: आज तुझ्या चढाया किती, का तेवढ्याच, आणि त्या कशाने वाढतील. कारण कळले की थांबणेही सरावाचा भाग होते. न कळले तर तो अपमान वाटतो. जंगलातल्या गावातून, घरी माडिया किंवा गोंडी बोलणारी, पहिल्यांदाच वसतिगृहात राहणारी मुलगी प्रशिक्षकाला उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून तिला न विचारता सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

आणि आपली, म्हणजे कडेला उभे राहणाऱ्यांची जबाबदारी काय? आपला आवाज मैदानात पोहोचतो. अठरा वर्षांच्या मुलीला तो प्रशिक्षकाच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येतो. म्हणून एक विनंती करून थांबतो. पुढच्या सामन्याला आवर्जून जा. त्या गुणी मुलीने गडी टिपला की तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवा. पण जिच्या पकडीमुळे ती जिवंत होऊन परत मैदानात आली, त्या दुसऱ्या मुलीचे नावही विचारून घ्या, आणि पुढच्या वेळी ते नाव घेऊन तिला हाक मारा.