अलार्म ‘गो ऑफ’ झाला, म्हणजे वाजला की बंद पडला?

आज पहिल्यांदा एक प्रश्न विचारतो, प्रामाणिक उत्तर द्या. रात्री पावणेदोन वाजलेत, तुम्ही अर्धवट झोपेत आहात, आणि फोनवर मेसेज येतो: ‘डिस्क अलार्म वेंट ऑफ.’ तुम्ही काय कराल?

मी काय केलं ते सांगतो. मी ‘ओके, थँक्स’ लिहिलं आणि कूस बदलून झोपलो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमचा क्लायंट इंग्लंडमधला, त्यांची ऑर्डर घ्यायची सिस्टीम आम्ही पुण्यातून सांभाळायचो. माझी ऑन-कॉलची पहिलीच रात्र. जून महिना, म्हणजे आपल्याकडे पावणेदोन तर तिकडे सव्वानऊ. आपोआप फोन करून उठवणारी व्यवस्था तेव्हा आमच्याकडे नव्हती. तिकडचा एक जण स्क्रीनवर लक्ष ठेवायचा आणि चॅटवर कळवायचा. त्याने कळवलं. मी वाचलं, ‘अलार्म वेंट ऑफ’, म्हणजे अलार्म ऑफ झाला. म्हणजे बंद झाला. म्हणजे मगाशी काहीतरी झालं असेल, आता निवळलं. बरं झालं!

माझं ‘ओके, थँक्स’ वाचून तो बिचारा निर्धास्त. त्याला वाटलं, पुण्याचा पोरगा कामाला लागला.

लॉग फाइल्स फुगत गेल्या, तीनच्या सुमारास डिस्क शंभर टक्के भरली, डेटाबेसने लिहायचं थांबवलं. साडेसहाला मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी उठलो. साडेतीन तास एकही ऑर्डर आत आली नव्हती.

तर ‘गो ऑफ’. या दोन शब्दांवर आजचा एपिसोड.

माझं चुकलं कुठे? आपण ‘ऑफ’ शिकलो भिंतीवरच्या बटणावरून. लाइट ऑफ कर, पंखा ऑफ कर, माझा मूड ऑफ आहे, उद्या मला ऑफ आहे. हा शब्द आता मराठीच झालाय, आणि मराठीत त्याचा अर्थ एकच: बंद. आपण तोच अर्थ घेऊन इंग्रजीत जातो आणि तिथे आपटतो. कारण इंग्रजीत ‘ऑफ’चा मूळ अर्थ बंद नाहीच. तो ‘ऑव्ह’ या शब्दाचाच जोर देऊन उच्चारलेला जुना भाऊ, आणि अर्थ आहे ‘पासून दूर, सुटून’.

आता बंदूक घ्या. ‘द गन वेंट ऑफ’, बंदुकीचा बार झाला. बंदुकीबद्दल असं बोलायची पद्धत इंग्रजीत १६ व्या शतकापासून आहे. चावीचं जुनं गजराचं घड्याळ कुणाच्या आजोबांकडे असेल तर बघा. गजराची स्प्रिंग वेगळी असते, रात्री पिळून ठेवायची, वेळ झाली की आतला अडसर सुटतो आणि घंटा बडवली जाते. दाबून, ताणून ठेवलेली गोष्ट सुटली. बाँब, फटाका, स्मोक अलार्म, खिशातला फोन, सगळे याच अर्थाने ‘गो ऑफ’ होतात.

पण ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे लाइट गेले. इथे सुटून गेला तो वीजपुरवठा. आणि ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. हे ब्रिटिश लोक जास्त बोलतात, अमेरिकेत दूध ‘बॅड’ होतं.

हे परकं वाटतंय ना? मग मराठीतलं ‘उडणे’ बघा. बार उडाला म्हणजे वाजला. फ्यूज उडाला म्हणजे बंद पडला. रंग उडाला, झोप उडाली. बार आणि फ्यूज अगदी उलटे, पण तुमचा कधी गोंधळ झालाय? नाही, कारण तुम्ही ‘उडणे’ ऐकतच नाही, काय उडालं ते ऐकता.

माझ्याकडे याचा एक पुरावा आहे. माझा रूममेट कोइम्बतूरचा. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंशी बोलता यावं म्हणून तो मराठी शिकायला लागला. एकदा काकू त्याला म्हणाल्या, “अरे, दुपारी माझा डोळा लागला होता, म्हणून बेल ऐकू नाही आली.” हा वर आला, फ्रिजमधून बर्फ काढला आणि परत खाली धावला. मी म्हटलं, काय झालं? म्हणे, आंटीच्या डोळ्याला लागलंय! डोळा लागला आणि डोळ्याला लागलं. एका ‘ला’मुळे झोपेचं दुखणं झालं. काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगतात.

मग त्याने वहीत ‘लागणे’ची यादी करायला घेतली. भूक लागली, नोकरी लागली, निकाल लागला, फोन लागला, ठेच लागली, भात खाली लागला, वाट लागली, तो माझा मामा लागतो, आमटी खारट लागते. दुसऱ्या पानावर त्याने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, “दिवा लागला म्हणजे सुरू, दार लागलं म्हणजे बंद. तुम्ही लोक जगता कसे?”

अगदी माझाच प्रश्न होता तो, फक्त उलट्या बाजूने.

इंग्रजीतला ‘ला’ म्हणजे मागे येणारे छोटे शब्द. ‘शी वेंट ऑफ हिम’, तिच्या मनातून तो उतरला. ‘शी वेंट ऑफ ऑन हिम’, ती त्याच्यावर भडकली. ‘शी वेंट ऑफ विथ हिम’, ती त्याच्याबरोबर निघून गेली. अख्ख्या सिरियलचे तीन ट्रॅक झाले यात! आणि इन्स्टावर फोटोखाली कुणी नुसतं ‘गो ऑफ, क्वीन’ लिहिलं तर ते कौतुक आहे, उगाच भांडायला जाऊ नका. ‘द प्रोग्रॅम वेंट ऑफ वेल’ म्हणजे कार्यक्रम छान पार पडला.

या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापलं गेलं १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. पण डोकेदुखी त्याच्या कितीतरी आधीची. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ चा, आणि त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडायची ही पद्धत परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्या माणसाला माझी अडचण माहीत होती. मलाच वाटत होतं की ही फक्त माझी आहे.

आणि इथे तो भाग येतो, जो मी आजवर जाहीर सांगितला नव्हता.

त्या रात्रीनंतर आम्हाला पोस्टमॉर्टेम लिहायचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्यांसाठी सांगतो: सिस्टीम पडली की काय झालं, का झालं, याचा एक रिपोर्ट लिहितात. कुणाला दोष द्यायचा नसतो, खरं कारण शोधायचं असतं. मी लिहिलं, ‘मेसेज वाचला, पण झोप लागली.’ धडधडीत खोटं. झोप लागली नव्हती, मी समजून-उमजून झोपलो होतो. पण दहावीपर्यंत मराठी माध्यम, तालुक्याची शाळा, मग बीटेक, मग पुणे. कॅम्पस इंटरव्ह्यूला कोडिंग सोपं गेलं होतं, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला घाम फुटला होता. ‘मला वाक्य कळलं नाही’ हे लिहायला माझा हात धजेना. आळशी म्हटलेलं चालेल, इंग्रजी येत नाही म्हटलेलं नको.

सहा-सात महिन्यांनी कॅन्टीनमध्ये चहा पिताना मी आमच्या लीडला खरं सांगून टाकलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “हे तेव्हाच लिहायचं होतंस ना! तो मेसेज तू एकटा वाचतोस का?” आणि त्याच दुपारी तिने टीममधल्या बाकी पाच जणांना काहीही न सांगता विचारलं, ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे काय? तिघांनी बरोबर सांगितलं. दोघे म्हणाले, बंद झाला. त्यातला एक इंग्लिश मीडियमचा होता.

म्हणजे सहा-सात महिने ऑन-कॉलच्या फेऱ्या चालू होत्या, आणि त्या दोघांपैकी कुणाच्याही रात्री हेच परत होऊ शकलं असतं. माझ्या एका खोट्या ओळीमुळे.

त्यानंतर आम्ही मेसेज बदलले. प्रोमिथियस वापरणाऱ्यांना हे शब्द माहीत असतील: अलर्ट चालू असेल तर ‘फायरिंग’, निवळला तर ‘रिझॉल्व्ह्ड’. तिकडच्या माणसालाही विनंती केली की बाबा, हेच दोन शब्द लिही. त्याने विचारलं का, तर लीडने खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, मी आयुष्यात कधी असा विचारच केला नव्हता. गंमत म्हणजे ‘फायरिंग’मध्येही बंदूकच आहे, फक्त हिचा चाप सुटलेला सगळ्यांना कळतो.

आता कामाचं सांगतो. अलार्म थांबला म्हणायचं असेल तर ‘स्टॉप्ड’ म्हणा. तुम्ही बंद केला असेल तर ‘आय टर्न्ड इट ऑफ’. ‘द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ अँड वेंट ऑफ टु वर्क’: वाजला, बंद केला, कामाला निघालो. एका वाक्यात तीन ‘ऑफ’. हे एक वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणा, लोकलमध्ये असाल तर मनात म्हणा. मला अर्थांच्या यादीपेक्षा याचा जास्त उपयोग झाला. आणि मेसेज वाचून शंका आली, तर रात्री पावणेदोनलाही समोरच्याला विचारा: ‘इज इट स्टिल रिंगिंग?’ चार शब्द. मी लिहिले असते तर साडेतीन तास वाचले असते.

रूममेटची यादी सध्या ४३ वर आहे. परवा काकूंनी त्याला नवीन दिला: ‘म्हैस हल्ली दुधाला लागत नाही.’ माझ्या शहरी मराठीला तो माहीत नव्हता, मीच त्याच्याकडून शिकलो. तुमच्याकडे ‘लागणे’चा असा एखादा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, त्याच्या वहीत जाईल. चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.